लॅपटॉपचा पंखा आणि वाढती उष्णता : कारणे व उपाय

ज्ञानार्जनाची साधने काळानुसार बदलत जातात. एके काळी पाटी-पेन्सिल हीच विद्यार्थ्याची संपत्ती होती. पुढे वही-पुस्तके आली आणि आज त्यांच्या जोडीला संगणक आला आहे. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि सगळा अभ्यास एकाएकी पडद्यावर येऊन बसला. त्या काळात आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन लॅपटॉप घेतले. कोणी नवे घेतले, तर पुष्कळांनी कार्यालयातून निघालेले जुने, दुरुस्त करून विकले जाणारे घेतले. ती यंत्रे आज पाच वर्षांहून अधिक जुनी झाली आहेत. त्यांच्याविषयी सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार एकच : लॅपटॉप फार तापतो आणि कामाच्या मध्येच बंद पडतो.

ही तक्रार वरवर किरकोळ वाटते. परंतु घरात एकच लॅपटॉप असतो. त्यावर थोरली मुलगी स्पर्धा परीक्षेचा सराव करते, धाकटा मुलगा महाविद्यालयाचा प्रकल्प लिहितो आणि वडील ऑनलाइन अर्ज भरतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी यंत्र बंद पडले तर एक वर्ष वाया जाऊ शकते. शिवाय, "मदरबोर्ड गेला" असे कोणी सांगितले की हजारो रुपयांचा खर्च अंगावर येतो; प्रत्यक्षात दोष मूठभर धुळीचा असू शकतो. म्हणून या विषयाची प्राथमिक माहिती प्रत्येक विद्यार्थ्याला असणे आवश्यक आहे.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना केलेला उपदेश आपल्या परिचयाचा आहे. केवळ कोणी सांगितले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा, असा त्याचा आशय आहे. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हा तर धम्माचा गाभाच होय. हीच दृष्टी येथेही उपयोगी पडते. लॅपटॉपचे तापणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्यामागचे कारण आधी शोधावे आणि मगच पैसे खर्च करावेत.

उष्णता येते कोठून?

लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सर्वच अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. साध्या, पातळ लॅपटॉपमधील प्रोसेसर साधारणपणे १५ वॅटचा असतो. खेळ किंवा व्हिडिओ संपादनासाठीच्या भारी लॅपटॉपमध्ये तो ४५ वॅट किंवा त्याहून अधिक असतो आणि ग्राफिक्सची चिप आपली उष्णता वेगळी देते. पूर्वी घरोघरी रात्री लावला जाणारा 'झिरोचा दिवा' प्रत्यक्षात १५ वॅटच्या आसपास वीज घेत असे आणि त्याच्या काचेला हात लावला की चटका बसे. प्रोसेसरमध्ये तेवढीच उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यात कोंडलेली असते. ती सतत बाहेर काढली नाही तर काही क्षणांतच तापमान धोक्याच्या पातळीला पोहोचते.

बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठरवलेली असते. ही मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपला वेग आपणहून कमी करतो. म्हणूनच तापलेला लॅपटॉप संथ चालतो. एवढ्याने भागले नाही आणि तापमान चढतच राहिले, तर चिप जळू नये म्हणून यंत्र एकदम बंद होते. म्हणजे अचानक बंद पडणे ही अशा वेळी यंत्राने केलेली आत्मरक्षा असते.

उष्णता बाहेर कशी जाते?

प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याची पट्टी बसवलेली असते. दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि फटींतील हवा उष्णता अडवते. त्या बुजवण्यासाठी मध्ये एक लेप लावतात. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. तांब्याच्या पट्टीपासून एक चपटी नळी निघते. तिला हीट पाइप म्हणतात. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी प्रत्यक्षात तयार केली. नळीतील हवा काढून आत थोडेसे पाणी ठेवलेले असते. हवेचा दाब नसल्याने हे पाणी कमी तापमानालाच उकळते. प्रोसेसरकडील टोकाला त्याची वाफ होते आणि ती दुसऱ्या, थंड टोकाकडे धावते. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला जसे वाफेचे थेंब धरतात तसे तेथे तिचे पुन्हा पाणी होते. मग नळीच्या आतील जाळीसारख्या अस्तरातून ते पाणी झिरपत मागे येते. हे चक्र अखंड चालू राहते.

नळीच्या थंड टोकाला कागदासारख्या पातळ धातूच्या पट्ट्यांची जाळी असते. तिच्यासमोर पंखा असतो. हा पंखा टेबल फॅनसारखा समोर वारा फेकत नाही. हॉटेलातील भट्टीला वारा देणाऱ्या ब्लोअरप्रमाणे तो मधून हवा ओढतो आणि कडेने बाहेर ढकलतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये हवा तळाच्या छिद्रांतून आत येते आणि बाजूच्या किंवा मागच्या खिडकीतून बाहेर जाते. पंखा साधारणतः ५ व्होल्टवर चालतो. काम वाढले की त्याची गती वाढते, काम कमी झाले की ती उतरते. त्यामुळे पंख्याचा आवाज अधूनमधून वाढणे यात दोष काही नाही.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा पंखा थंडावा निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता खोलीतील हवेच्या हवाली करतो, एवढेच. खोलीची हवाच तापलेली असेल तर त्याची शक्ती घटते. हिशेब सोपा आहे. प्रोसेसरची मर्यादा १०० अंश धरू. खोलीत २० अंश असताना दोहोंतील फरक ८० अंशांचा असतो. ४२ अंश असताना तो ५८ अंशांवर येतो. बाहेर जाणारी उष्णता साधारणपणे या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे तोच पंखा त्याच गतीने फिरत असताना पाऊणपटीहूनही थोडी कमीच उष्णता बाहेर टाकू शकतो. अनेक उत्पादक आपला लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छताखालील खोलीत दुपारी काय होत असेल, याची कल्पना करता येईल. डिसेंबरात निमूटपणे चालणारा लॅपटॉप मे महिन्यात बंद पडतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

कारणाचा शोध : हाताची परीक्षा

दोष कोठे आहे हे ठरवण्यासाठी पहिली परीक्षा बिनखर्ची आहे. लॅपटॉप कडक, सपाट टेबलावर ठेवा. एखादा व्हिडिओ आणि दोन-चार कार्यक्रम एकदम सुरू करून दहा-पंधरा मिनिटे चालू द्या. मग हवा बाहेर पडणाऱ्या खिडकीसमोर तळहात धरा आणि पंख्याचा आवाज कान देऊन ऐका. शक्य असल्यास एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारख्या मोफत कार्यक्रमाने प्रोसेसरचे तापमान पाहा. ते त्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घ्यावेत. काही काम नसताना ४० ते ५५ आणि भरपूर काम असताना ८० ते ९० अंश हे लॅपटॉपच्या बाबतीत सामान्य समजावे. आता चार शक्यता संभवतात.

पहिली शक्यता : पंखा ऐकू येतो आणि हवा जोरदार व गरम येते. याचा अर्थ उष्णता बाहेर काढणारी यंत्रणा आपले काम करीत आहे. दोष कामाच्या बोज्यात किंवा खोलीच्या तापमानात आहे. अशा वेळी यंत्र उघडून काहीही साधणार नाही.

दुसरी शक्यता : पंखा मोठ्याने घोंघावतो, पण हवा अगदी क्षीण येते. हे वाट तुंबल्याचे लक्षण आहे. पाच वर्षांच्या लॅपटॉपमध्ये हा दोष फार आढळतो. धूळ, कपड्यांचे तंतू आणि केस पंखा व पट्ट्यांची जाळी यांच्यामध्ये साठतात आणि तेथे नमद्यासारखा थर तयार होतो. एका खोलीच्या घरात फोडणीचा तेलकट धूरही त्यात मिसळतो आणि थर चिकट होतो. हा थर आतल्या बाजूला असल्याने बाहेरून ब्रश फिरवून तो निघत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे.

तिसरी शक्यता : हवा चांगली येते, पण ती कोमटच असते, तापमान मात्र शंभरीकडे गेलेले दिसते. म्हणजे उष्णता प्रोसेसरपासून जाळीपर्यंत पोहोचतच नाही. थर्मल पेस्ट वाळली असावी, तांब्याची पट्टी नीट दाबून बसली नसावी किंवा क्वचित हीट पाइप निकामी झाली असावी. पूर्वी कोणी दुरुस्तीसाठी उघडलेल्या यंत्रात पट्टीचा एखादा स्क्रू सैल राहिल्याचेही आढळते.

चौथी शक्यता : आवाज नाही, हवा नाही आणि यंत्र मात्र तापते. पंखा बंद पडला असावा किंवा त्याची तार निसटली असावी. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपवर सुरू करतानाच 'फॅन एरर' अशी सूचना येते. डेलच्या अनेक यंत्रांत सुरू करताना एफ१२ कळ दाबून आणि एचपीच्या यंत्रांत एफ२ कळ दाबून तपासणीचा कार्यक्रम चालवता येतो. त्यात पंख्याचीही परीक्षा होते. मात्र काही लॅपटॉपमध्ये मुळात पंखाच नसतो. २०२० साली आलेला ॲपलचा एम१ मॅकबुक एअर हे त्याचे उदाहरण. अशा यंत्रात शांतता हा दोष नव्हे.

पंखा फिरतो पण खरखर किंवा घरघर असा आवाज येतो, ही चौथ्या अवस्थेची पूर्वसूचना समजावी. पात्याला काही अडकत असेल तर ते काढल्यावर आवाज थांबतो. परंतु बेअरिंग झिजले असेल तर पंखा बदलणे हाच उपाय. काही जण त्यात शिलाई मशीनचे तेल सोडतात. आवाज काही दिवस थांबतो, पण तेलाला धूळ चिकटते आणि पंखा पुन्हा कुरकुरू लागतो.

घरी करता येण्याजोगे उपाय

सर्वप्रथम लॅपटॉपची जागा बदला. गादी, गोधडी किंवा उशी यांवर लॅपटॉप ठेवला की तळाची छिद्रे बंद होतात आणि पंख्याला हवाच मिळत नाही. जमिनीवर बसून अभ्यास करणाऱ्यांनी पाट किंवा लाकडी फळी वापरावी. मागच्या दोन्ही कडांखाली बाटलीचे झाकण किंवा लाकडाचा तुकडा ठेवून यंत्र बोटभर उचलले तरी फरक पडतो; फक्त छिद्रे झाकली जाणार नाहीत, हे पाहावे. बाजारात मिळणारे पंख्यांचे कूलिंग पॅड उपयोगी असते, पण आतली वाट तुंबलेली असताना त्याचा फारसा लाभ होत नाही. खोलीतील टेबल फॅनचा वारा लॅपटॉपच्या बाजूने वाहील असे करावे. पाण्याच्या कूलरसमोर मात्र यंत्र ठेवू नये. त्याच्या हवेत ओलावा असतो.

दुसरे, कामाचा बोजा पाहा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. काही काम चालू नसतानाही एखादा कार्यक्रम प्रोसेसरचा मोठा हिस्सा सतत खात असेल, तर गरमीचे मूळ तेथे आहे. ब्राउझरची वीस-तीस पाने उघडी ठेवणे, एकाच वेळी दोन ॲन्टिव्हायरस बसवणे, फुकटात मिळालेले संशयास्पद सॉफ्टवेअर ही नेहमीची कारणे होत. विंडोजने नुकतीच स्वतःची अद्ययावत प्रत उतरवली असेल तर तासभर गरमी राहू शकते. ती आपणहून ओसरते.

तिसरे, वेगाला थोडा लगाम घाला. पॉवरच्या सेटिंगमध्ये 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' निवडावे. ज्या यंत्रांत प्रोसेसरची कमाल पातळी ठरवण्याची सोय दिसते तेथे ती १०० ऐवजी ९९ टक्के करावी. केवळ एक टक्का कमी केल्याने काय होणार, असे वाटेल. परंतु त्यामुळे बहुतेक प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे थोड्या वेळासाठीचा वाढीव वेग, बंद होतो आणि तापमान बरेच उतरते. वाचन, लेखन आणि व्याख्याने ऐकणे यांसाठी तेवढा वेग पुरेसा असतो. ऐन उन्हाळ्यात परीक्षा देणाऱ्यांनी ही युक्ती अवश्य वापरावी.

आणि काय करू नये? तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नये. आत दव धरते आणि जे यंत्र नुसते तापत होते ते कायमचे बिघडते.

यंत्र उघडण्यापूर्वी

वाट तुंबली असेल किंवा पेस्ट वाळली असेल तर यंत्र उघडावेच लागते. यंत्र वॉरंटीत असेल तर स्वतः हात लावू नये. ज्यांना याची सवय आहे त्यांनी, किंवा जाणकाराच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी, पुढील काळजी घ्यावी. चार्जर काढून यंत्र पूर्ण बंद करावे. झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू शकतात, म्हणून प्रथम एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. स्क्रू कोठून काढला याची कागदावर आकृती काढून ते त्याच जागी ठेवावेत. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर बोर्डाला भोक पडू शकते. हवा मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत. हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होते. धुळीचा थर चिमट्याने ओढून काढावा आणि उरलेला मऊ ब्रशने झाडावा. पाण्याचा वा ओल्या फडक्याचा वापर करू नये.

पेस्ट बदलायची असल्यास जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसावी आणि नवी पेस्ट अगदी थोडी, पातळ पसरेल एवढीच लावावी. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा असे नाही. पट्टीचे स्क्रू त्यांच्याजवळ लिहिलेल्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी वीजवाहक द्रवधातू असतो. तेथे हौशी हातांनी जाऊच नये.

सर्वांत गंभीर इशारा बॅटरीविषयी. टचपॅड वर उचललेला दिसला, तळ फुगलेला वाटला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. ती पेट घेऊ शकते. यंत्र ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावे आणि काढलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाच्या ठिकाणी द्यावी.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना

बहुसंख्य कारागीर प्रामाणिक आणि कुशल असतात. तरीही आपण माहिती घेऊन गेलो तर त्यांचेही काम सोपे होते आणि आपलीही फसगत टळते. "लॅपटॉप गरम होतो" एवढेच न सांगता, "पंखा जोरात फिरतो, पण हवा येत नाही; दहा मिनिटांत तापमान ९८ अंश होते" असे सांगावे. नुकताच चार्ज केलेला लॅपटॉप थंड असताना सुरू होतो आणि तापल्यावरच बंद पडतो, हेही आवर्जून सांगावे. त्यावरून मदरबोर्डापेक्षा उष्णतेचा संशय बळावतो. सफाई आणि पेस्ट आधी, पंखा त्यानंतर आणि मदरबोर्डाचा विचार शेवटी, हा क्रम धरावा. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. काम झाल्यावर दुकानातच पंधरा मिनिटे यंत्र चालवून पुन्हा हाताची परीक्षा करावी.

अभ्यासिकेसाठी एक सूचना

शेवटी मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी एक विनंती. अभ्यासिकेत वर्षातून एकदा, उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, एखाद्या रविवारी लॅपटॉप तपासणीचा कार्यक्रम ठेवता येईल. आयटीआय, पदविका व अभियांत्रिकीचे आपले विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. पेस्टची एक नळी, एक ब्रश, स्क्रू-ड्रायव्हरचा एक संच आणि एक नोंदवही एवढ्या सामग्रीवर अनेक घरांतील यंत्रे तपासून होतील. नोंदवहीत यंत्राचे नाव, सफाईची तारीख आणि आधीचे व नंतरचे तापमान लिहिले, तर पुढच्या वर्षी कोणाला काय हवे हे सहज कळेल. त्यातून शिकणाऱ्यांच्या हाताला एक कौशल्य लाभेल आणि ज्यांना दुरुस्तीचा खर्च परवडत नाही त्यांचा अभ्यास अडणार नाही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. शिक्षणाचे साधन आपल्या माणसाच्या हाती यावे, हीच त्यामागील तळमळ होती. आज ते साधन आपल्या घरात आले आहे. त्याची निगा राखणे आणि ते बिघडले तर न घाबरता कारण शोधणे, हे आता आपल्या हाती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!